थप्पीत लाकूड किती, हवा किती?

शेताच्या बांधावरची बाभूळ विकायची म्हटली की व्यवहार बहुतेक वेळा उक्ता होतो. घेणारा झाडाभोवती एक फेरी मारतो, बुंधा कवेत येतो का ते पाहतो, फांद्यांकडे नजर टाकतो आणि एक आकडा बोलतो. विकणारा थोडे वर सरकवायला सांगतो, मध्ये कोणी तरी तडजोड करतो आणि सौदा मिटतो. घेणाऱ्याचा धंदाच झाडे तोडून विकण्याचा असतो. विकणाऱ्यावर ही वेळ दहा-पंधरा वर्षांतून एकदा येते. तेव्हा नजरेच्या अंदाजात दोघे बरोबरीचे नसतात, हे उघड आहे. पुढे तेच लाकूड कुठे ट्रॉलीने जाते, कुठे थप्पीने, कुठे वजनकाट्यावर चढते. प्रत्येक ठिकाणी मोजण्याची रीत वेगळी, आणि रीत बदलली की आकडाही बदलतो. यातले गणित शाळेतल्या गुणाकारापलीकडचे नाही. पण ते माहीत असणे आणि नसणे यांत चांगलाच पैसा आहे.

आधी एकच ओंडका घेऊ. त्याचा व्यास टोकाला मोजता येतो, पण टोक क्वचितच नेमके गोल असते आणि बुंध्याकडे मुळांचे फुगवटे असतात. म्हणून आपल्याकडे व्यासापेक्षा घेर मोजतात. वनखाते त्याला गोलाई म्हणते. ओंडक्याच्या बरोबर मध्यावर फीत गुंडाळायची, घेर मीटरमध्ये लिहायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे आणि शेवटी ०.०८ ने गुणायचे. घनफळ घनमीटरमध्ये मिळते. हा ०.०८ म्हणजे एक भागिले चार पाय (π). नेमका आकडा ०.०७९६ आहे, पण अर्ध्या टक्क्यासाठी कोणी भांडत नाही. घेर १ मीटर आणि लांबी २ मीटर असेल तर लाकूड ०.१६ घनमीटर, म्हणजे साडेपाच घनफुटांहून थोडे जास्त. (१ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.)

बाजारात मात्र हे सूत्र फारसे वापरात नाही. लाकूडबाजारात घेराला चारने भागतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. वरच्याच ओंडक्याचा घेर १ मीटर, त्याचा चतुर्थांश ०.२५, वर्ग ०.०६२५, गुणिले २, म्हणजे ०.१२५ घनमीटर. खरे लाकूड ०.१५९, हिशेबात आले ०.१२५. ओंडका कोणताही घ्या, ही रीत खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवते; साडेएकवीस टक्के लाकूड कागदावर येतच नाही.

ही लबाडी नाही, निदान मुळात नव्हती. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ मध्ये लाकूड मोजण्याच्या तयार कोष्टकांचे पुस्तक छापले आणि चतुर्थांश घेराची रीत त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गोल ओंडक्यातून चौकोनी तुळई काढताना चारही बाजूंच्या फाका वाया जातात. ती तूट आधीच वजा केलेली बरी, असा हा हिशेब आहे. इमारती लाकडाला तो शोभतो. पण जळाऊ लाकडाची कोणी तुळई काढत नाही. साल, गाठी, फाके सगळे चुलीत जाते. तिथे ही रीत लावणे म्हणजे न झालेल्या नासाडीची किंमत विकणाऱ्याकडून वसूल करणे होय. सॉ मिलमध्ये तर निघालेले फाके जळण म्हणून पुन्हा विकलेही जातात. अर्थात, भाव ठरवतानाच दोघांना ठाऊक असेल की हा घनफूट हॉपसचा आहे, म्हणजे खऱ्या १.२७ घनफुटांएवढा, तर कोणाचेच नुकसान नाही. घोटाळा होतो तो भाव एका घनफुटाचा ऐकून माप दुसऱ्या घनफुटाने घेतले जाते तेव्हा. म्हणून जळण विकताना पहिला प्रश्न भावाचा नसावा; घेर चारने भागणार आहात का, हा असावा.

ओंडका दोन्ही टोकांना सारखा नसतो, ही पुढची अडचण. यावर जर्मन लोकांनी फार डोके चालवले, त्याला कारण होते. अठराव्या शतकात खाणी, भट्ट्या आणि घरे तापवणे या सगळ्यांसाठी तिथे लाकूडच लागे आणि ते संपते की काय अशी धास्ती होती. सॅक्सनीतल्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या कार्लोविट्झने १७१३ मध्ये वनशेतीवर ग्रंथ लिहिला तो याच काळजीतून. पुढच्या शतकात हूबर आणि स्मालियन या जर्मन वनाधिकाऱ्यांच्या नावाने दोन रीती रूढ झाल्या. हूबरची रीत म्हणजे फक्त मध्यावरचा घेर घ्यायचा. स्मालियनची म्हणजे दोन्ही टोकांच्या छेदांची क्षेत्रफळे काढून सरासरी घ्यायची. ही विद्या आपल्याकडे आली त्यात नवल नाही. १८६४ मध्ये भारताच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक म्हणून इंग्रजांनी नेमला तो डीट्रिख ब्रँडिस जर्मन होता, आणि त्याच्यानंतरचे श्लिख व रिबेनट्रॉपही जर्मनच. एकाच डेपोत सरकारी वहीत जर्मन रीत आणि व्यापाऱ्याच्या तोंडी इंग्रज हॉपस, असा प्रकार आपल्याकडे दिसू शकतो तो असा.

कोणती रीत बरी? ३ मीटर लांबीचा, सरळ निमुळता होत गेलेला ओंडका घ्या. बुडाशी घेर ९० सेंटीमीटर, शेंड्याशी ६०, मध्यावर ७५. खरे घनफळ ०.१३६ घनमीटर. मध्यावरच्या मापाने ०.१३४ येते, दोन टोकांच्या सरासरीने ०.१४०. मध्यावरचे माप थोडे कमी भरते, टोकांचे त्याच्या दुप्पट फरकाने जास्त भरते. दोन्ही चुका किरकोळ आहेत. खरी चूक होते ती कोणी फक्त बुडाचा घेर घेऊन मोकळा झाला तर: ०.१९३, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त फुगलेला आकडा. फीत एकदाच लावायची असेल तर ती मध्यावर लावावी. थप्पीत दडलेल्या ओंडक्याचा मध्य सापडत नाही, तिथेच फक्त टोकांची रीत उपयोगी.

उभ्या झाडाबद्दल थोडक्यात. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीला घेर घेतात. त्या घेराचा सरळ नळकांडा झाडाच्या उंचीइतका कल्पिला, तर खोडाचे लाकूड त्याच्या साधारण ४० ते ५० टक्के भरते. घेर १.२ मीटर, उंची १० मीटर असेल तर नळकांडा १.१५ घनमीटरचा आणि खोड अर्ध्या घनमीटरच्या आसपास. पण बाभळीसारख्या पसरट झाडाचे बरेचसे जळण फांद्यांत असते, ते या हिशेबात नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने जातवार सूत्रे केली आहेत ती याचसाठी. बांधावरच्या झाडाला ती तंतोतंत लागू पडतील असे मात्र नाही, कारण जंगलातले झाड उजेडासाठी उंच जाते आणि बांधावरचे ऐसपैस पसरते.

आता थप्पी. लांबी गुणिले उंची गुणिले लाकडांची लांबी, इतके सोपे. ४ मीटर लांब, दीड मीटर उंच, आत १.२ मीटरची लाकडे: ७.२ घनमीटर. पण हे थप्पीचे घनमीटर झाले. त्यात लाकूड किती आणि मधली हवा किती, हे त्यावरून कळत नाही.

हवेचे प्रमाण गणिताने काढता येते का? थोडेफार येते. सारख्या जाडीची, अगदी सरळ, गोल लाकडे एकावर एक बरोबर डोक्यावर डोके ठेवून रचली तर समोरच्या चेहऱ्याचा ७८.५ टक्के भाग लाकडाने भरतो. तीच लाकडे खालच्या दोन लाकडांमधल्या खाचेत बसवली, म्हणजे कॅरम सुरू करताना राणीभोवती सोंगट्या लावतो तशी, तर ९०.७ टक्के. यातली चमत्कारिक गोष्ट अशी की जाडीचा इथे संबंधच नाही. मनगटाएवढी लाकडे घ्या की मांडीएवढी, टक्केवारी तीच राहते. फक्त मोठ्या फटी थोड्या किंवा लहान फटी पुष्कळ. जाड लाकडांच्या थप्पीत मोठाल्या फटी पाहून तिच्यात लाकूड कमी असणार असे डोळ्याला वाटते. डोळा चुकतो.

प्रत्यक्षात मात्र नव्वद टक्के सोडाच, पंचाहत्तरही मुश्किलीने भरतात, आणि तिथे जाडीला महत्त्व येते. पण कारण गोलाईचे नाही, वाकडेपणाचे. दोन वाकडी लाकडे एकमेकांना सगळ्या लांबीवर टेकतच नाहीत. बारीक फांदीला तिच्या जाडीच्या मानाने वाक आणि गाठी जास्त, म्हणून फांद्यांची थप्पी पोकळ. सुरूची किंवा निलगिरीची सरळ, सोललेली लाकडे नीट रचली तर ७० टक्क्यांच्या पुढे जातात. मध्यम जाडीच्या साध्या लाकडांना ६५ धरावे. बाभळीच्या वेड्यावाकड्या फाट्याला ५० ते ५५, आणि काटक्याकुटक्यांना त्याहूनही कमी. वरच्या ७.२ घनमीटरच्या थप्पीत म्हणूनच कधी ५ घनमीटर लाकूड असते, कधी साडेतीन.

लांबीचाही असाच परिणाम होतो. दीड मीटरचे वाकडे लाकूड चार ठिकाणी तोडले की प्रत्येक तुकडा जवळजवळ सरळ होतो. त्यामुळे तेच लाकूड लहान तुकडे करून पुन्हा रचले की थप्पी आक्रसते. लाकूड कुठे गेले नाही, हवा गेली. लांब लाकडांची थप्पी विकत घेऊन घरी तोडून रचणाऱ्याला आपण फसलो असे वाटते ते यामुळे. उलट, रचण्याऐवजी तुकडे नुसते ओतले तर ४० ते ४५ टक्केच लाकूड. एकच माल रचून एक माप दाखवतो आणि ओतून त्याच्या दीडपट.

या हवेचा प्रश्न जुना आहे आणि राज्यकर्त्यांनाही तो सोडवावा लागला. फ्रान्सने १७९५ मध्ये दशमान पद्धतीचा कायदा केला तेव्हा मीटर, लिटर आणि ग्रॅम यांच्या पंगतीत जळणासाठी वेगळे एकक बसवले: स्टेअर, म्हणजे रचलेल्या लाकडाचा एक घनमीटर. आगीचे मुख्य साधन लाकूडच होते, तेव्हा सरपणाला स्वतंत्र माप मिळणे साहजिकच होते. अमेरिकेत आजही जळण कॉर्डने विकतात. ८ फूट लांब, ४ फूट उंच, ४ फूट रुंद, एकूण १२८ घनफूट. त्यात भरीव लाकूड ८० ते ९० घनफूट. ही मापे टिकली कारण थप्पी सगळ्यांना दिसते, तिला फीत लावता येते. आतल्या हवेवर मात्र कायद्याचा हुकूम चालला नाही.

हवा वाढवायच्या युक्त्या जुन्याच आहेत. थप्पी ढासळू नये म्हणून दोन टोकांना लाकडे आडवी-उभी रचून खांब करतात. तो खांब आतून खूपच पोकळ असतो, त्यामुळे आखूड थप्पीत दोन्ही बाजूंना खांब असले तर बरेच माप हवेत जाते. खुंट ठोकून रचलेली थप्पी बरी. दुसरी युक्ती म्हणजे एक गाठाळ, वाकडा बुंधा मध्ये घालायचा आणि त्याच्या आडोशाने पोकळी ठेवायची. तिसरी त्याहून चतुर: सगळी जाड टोके रस्त्याच्या बाजूला. समोरून थप्पी गच्च दिसते, मागे जाऊन पाहिले तर बोटभर फांद्यांची टोके आणि हातभर फटी. थप्पी मोजायची तर मागे जाऊन पाहिलेच पाहिजे.

टक्केवारी अंदाजाने धरायची नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पुरे. थप्पीसमोर सरळ उभे राहून फोटो काढायचा, त्यावर उभ्या-आडव्या सारख्या अंतराच्या दहा-दहा रेघा ओढायच्या. जिथे रेघा छेदतात असे शंभर बिंदू मिळतात. त्यांतले किती लाकडाच्या टोकावर पडले आणि किती फटीत, ते मोजायचे. ६३ लाकडावर पडले तर थप्पी सुमारे ६३ टक्के भरीव. आशील देलेस या फ्रेंच भूवैज्ञानिकाने १८४७ मध्ये दाखवले की खडकाच्या छेदावर एखाद्या खनिजाने जितका क्षेत्राचा वाटा व्यापलेला असतो, तितकाच त्याचा घनफळातला वाटा असतो. तेच तत्त्व इथे चालते. शंभर बिंदूंना चार-पाच टक्क्यांची चूक गृहीत धरावी. चारशे बिंदू घेतले तर ती निम्म्यावर येते. दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन सरासरी काढली की जाड टोकांची युक्ती आपोआप निकामी होते. थप्पीच्या आत वाकड्या लाकडांमुळे राहिलेली पोकळी फोटोत दिसत नाही, म्हणून आलेल्या आकड्यातून थोडे कमीच धरावे.

सगळ्यांत निर्विवाद रीत आर्किमिडीजची. लाकूड पाण्यात पूर्ण बुडवा, पाणी जितके वर चढले तितके लाकडाचे घनफळ. वन संशोधनात यासाठी खास टाक्या वापरतात, आणि कितीही वेडेवाकडे मूळ असो, त्याचे माप चुकत नाही. घरी २०० लिटरचे पिंप चालते. त्याचा व्यास साधारण ५७ सेंटीमीटर असतो, म्हणजे पाणी एक सेंटीमीटर चढले की अडीच लिटर लाकूड बुडाले. काठीने दाबून बुडवावे लागते आणि लगेच वाचावे लागते, कारण सुके लाकूड पाणी पिते. ट्रॉलीभर लाकूड कोणी असे बुडवणार नाही. पण पाच-सहा नमुन्याची लाकडे आधी तोलून मग बुडवली की घनमीटरला किती किलो ते कळते, आणि वजनकाट्याच्या पावतीवरून अख्ख्या ट्रॉलीचे घनफळ काढता येते.

ट्रॉलीचा हिशेब करून पाहू. पेटी १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट खोल: १२० घनफूट. ओतून भरली तर लाकूड ४८ घनफूट, नीट रचली तर ७८. सुकी बाभूळ घनमीटरला साधारण ७५० किलो धरली तर पहिली ट्रॉली एक टनाची, दुसरी साडेसोळाशे किलोची. दोन्ही वेळा आपण म्हणणार एकच, ‘एक ट्रॉली लाकूड घेतले’.

मग सरळ वजनावरच घ्यावे, असे वाटेल. तिथे हवा नाही, पण पाणी आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. उन्हाळाभर वाळलेल्यात १५ ते २० टक्के. पूर्ण सुक्या लाकडाचा एक किलो साधारण साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता देतो. वीस टक्के पाणी असेल तर ती साडेतीन हजारांवर येते आणि निम्मे पाणी असेल तर दोन हजारांच्याही खाली, कारण लाकूड कमी पडते आणि जे आहे त्यातली उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओले लाकूड सुक्याच्या भावाने तोलून घेणारा जवळजवळ निम्मे पैसे पाण्याला देतो, वर धूर फुकट.

आकारमानावर पाण्याचा असा परिणाम होत नाही. वाळताना ओलावा तीस टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत लाकूड आकसत नाही, आणि पुढेही आकसून आकसून दहा टक्क्यांच्या आसपास. मात्र थप्पीने घेताना जात पाहावी लागते. वजनावर घेतले तर सगळी सुकी लाकडे जवळपास सारखी तापतात. किलोभर पांगारा आणि किलोभर खैर यांत उष्णतेचा फरक थोडाच. पण पांगाऱ्याचा घनमीटर तीनशे किलोच्या आसपास आणि खैराचा नऊशेच्या पुढे. पांगाऱ्याची वा सावरीची थप्पी बाभळीच्या भावाने घेतली तर निम्मीच उष्णता घरी येते. स्वयंपाकघरातल्या जुन्या बायका पांगाऱ्याला जळण मानतच नाहीत, ते याच हिशेबाने बरोबर आहे.

तेव्हा माझे मत असे: ओले लाकूड घेणाऱ्याने थप्पीने घ्यावे, सुके वजनाने. विकणाऱ्याला नेमके उलट सोयीचे आहे, आणि त्याने तोडल्या दिवशी काट्यावर नेले तर त्याला दोष देता येणार नाही. भाव ओल्याचा ठरला असला म्हणजे झाले. थप्पीने घेताना उंची एका ठिकाणी न घेता तीन-चार ठिकाणी घ्या, मागची बाजू पाहा आणि भरीव टक्केवारी आधी बोलून घ्या. आणि पावतीवर नुसते ‘एक ट्रॉली’ लिहू देऊ नका. पेटीची मापे, माल रचलेला की ओतलेला, ओला की सुका आणि झाडाची जात, एवढे लिहून मागा.